शीतपेयातल्या गुंगीपलीकडचा गुन्हा

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय: मद्य किंवा औषधाच्या अमलाखाली होणारे लैंगिक अत्याचार, त्यांच्या बातम्या आणि हातातून निसटणारा पुरावा

महोदय,

‘शीतपेयातून गुंगीचे औषध देऊन अत्याचार’ हे शब्द आपल्या आणि इतरही मराठी दैनिकांत इतक्या ठरावीक क्रमाने येतात की ते छापखान्यात आधीच जुळवून ठेवले असावेत, असे वाटू लागले आहे. ही बातमी खोटी असते असे मला म्हणायचे नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून मी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि तेवढ्या काळात अशा तपासण्या मी स्वतःच्या हाताने केल्या आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. अनोळखी इसम, शीतपेयाचा ग्लास, त्यात टाकलेली पांढरी भुकटी आणि पूर्ण बेशुद्ध पडलेली मुलगी एवढे एकच चित्र आपण सर्वांनी मनात पक्के करून घेतले आहे, आणि जिच्या बाबतीत घडलेले त्या चित्रात बसत नाही तिच्यावर ठाणे अंमलदाराचा विश्वास बसत नाही, डॉक्टरांचा बसत नाही आणि पुष्कळदा तिचा स्वतःचाही बसत नाही. हा अविश्वास फिटेपर्यंत जे दहा-बारा तास किंवा दोन-तीन दिवस जातात, त्यांतच तिच्या शरीरातला पुरावा नाहीसा होतो.

आधी पदार्थाविषयी लिहिते. जगभरात अशा प्रकरणांतील नमुन्यांत सर्वाधिक सापडणारा पदार्थ म्हणजे साधे मद्य. ब्रिटनमधील न्यायवैद्यक सेवेच्या लंडन येथील प्रयोगशाळेने २००० ते २००२ या तीन वर्षांत आलेल्या १,०१४ प्रकरणांचा अभ्यास करून तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४६ टक्के प्रकरणांत मद्य सापडले, तर कोणी मुद्दाम गुंगीचे औषध पाजल्याचा पुरावा जेमतेम २ टक्के, म्हणजे २१ प्रकरणांत मिळाला. हे आकडे वाचून ‘बघा, बाकीच्या बायका खोटे सांगतात’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. परंतु तो चुकीचा आहे. नमुना उशिरा घेतला तर दिलेले औषध सापडतच नाही, त्यामुळे न सापडणे म्हणजे न देणे नव्हे. शिवाय या आकड्यांतून निघणारा खरा अर्थ माझ्या मते असा की, गुन्ह्याचे साधन बहुतेक वेळा सर्वांच्या डोळ्यांसमोर, टेबलावरच असते. ‘घे गं, एकाने काय होतंय’ हा आग्रह, लिंबू सरबतात न सांगता ओतलेली व्होडका, तीसच्या मापाऐवजी साठचे भरलेले माप, किंवा यातले काहीही न करता केवळ ती लटपटेपर्यंत वाट पाहत बसणे, हे सगळे त्यातच येते. वाट पाहत बसलेल्या माणसाने कुठलीही पुडी विकत घेतलेली नसते, म्हणून तो आपल्या बातमीत मावत नाही.

कायदा मात्र त्याला सामावून घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराचे जे प्रसंग सांगितले आहेत, त्यांतला पाचवा असा आहे की स्त्रीने होकार दिलेला असला तरी मनाच्या विकलतेमुळे, नशेमुळे, किंवा आरोपीने स्वतः वा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीकारक पदार्थामुळे, त्या होकाराचे स्वरूप आणि परिणाम समजण्याच्या स्थितीत ती नसेल, तर तो होकार होकारच नव्हे. या वाक्यातला ‘किंवा’ हा शब्द मी माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांना बोट ठेवून दाखवीत असे. नशा एकीकडे आणि पाजलेले औषध दुसरीकडे, अशी ही दोन वेगळी कारणे आहेत. पेला कोणी भरला, पैसे कोणी दिले, ती स्वतःहून प्यायली की आग्रहाने प्यायली, हे प्रश्न या पहिल्या कारणापुरते गैरलागू आहेत. तिला कळत होते की नव्हते एवढाच प्रश्न तिथे उरतो. आणि जी बोलून वा खुणेनेही काही सांगण्याच्या अवस्थेत नाही तिच्यासाठी पुढचे, सातवे कारण स्वतंत्रपणे लिहिलेले आहे.

हे कलम आपल्याकडे कुठल्या परदेशी चळवळीतून आले असे ज्यांना वाटते, त्यांना थोडा इतिहास आठवून देणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस होते आणि त्यांतला एक त्या रात्री दारूच्या नशेत होता. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत हे त्यामागचे मोठे कारण होते. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. नशेतल्या संमतीचे हे कारण त्या दुरुस्तीतच आले. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि तरीही एखाद्या प्रकरणात ‘ती प्यायली होती’ हे शब्द उच्चारले गेले की ते आरोपीच्या बाजूचे म्हणूनच ऐकले जातात.

खरे तर ते फिर्यादीच्या बाजूचे शब्द आहेत. संमती देण्यास असमर्थ असलेल्या स्त्रीवरील बलात्कार हा कलम ६४ च्या दुसऱ्या पोटकलमात, म्हणजे अधिक गंभीर प्रकारांत मोडतो. त्याला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि या पोटकलमाखालील खटल्यांत संबंध घडल्याचे सिद्ध झाले व स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालय गृहीत धरते. साक्ष्य अधिनियमाचे कलम १२० तसे सांगते. गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचा पदार्थ देणे हा कलम १२३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्या बाजूला, पुरुषाची नशा. आपण होऊन प्यायलेल्या माणसाला ‘मी शुद्धीत नव्हतो’ हा बचाव कलम २३ आणि २४ देत नाहीत. गल्लीतला न्याय नेमका याच्या उलटा चालतो. तो प्यायला होता म्हणून त्याच्याकडून चूक झाली, आणि ती प्यायली होती म्हणून तिने ओढवून घेतले.

हा उलटा न्याय गल्लीपुरता राहत नाही हे दुर्दैव. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात जामीन देताना, मैत्रिणींबरोबर दिल्लीतल्या बारमध्ये मद्य घेतलेल्या विद्यार्थिनीने स्वतःच संकट ओढवून घेतले आणि त्यास तीही जबाबदार आहे, अशा आशयाचे वाक्य आदेशात लिहिले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. त्याआधी जून २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका अटकपूर्व जामिनाच्या आदेशात, अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभणारे नाही, असे म्हटले गेले होते; ते वाक्य काही दिवसांतच आदेशातून वगळण्यात आले. झोपी जाण्याबद्दल एक डॉक्टर म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की, मद्य आणि झोपेच्या गोळ्या ज्या मेंदूवर काम करतात तो मेंदू भारतीय की अन्य कुठला हे त्यांना कळत नाही.

याच ठिकाणी स्मृतीचा मुद्दा येतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज त्याबद्दलच आहेत. लोकांना वाटते की गुंगी म्हणजे गाढ बेशुद्धी. प्रत्यक्षात अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोल्पिडेम यांसारखी झोपेची आणि चिंतेवरची औषधे, आणि पोटात भराभर गेलेले मद्यदेखील, माणसाला पूर्ण बेशुद्ध न करताही मेंदूचे नोंद ठेवण्याचे काम थांबवते. अशी व्यक्ती जिना उतरते, रिक्षात बसते, हसते, फोनवर उत्तर देते, आणि दुसऱ्या दिवशी यातले काहीही तिला आठवत नाही. कारण ते पुसले गेलेले नसते, मुळात लिहिलेच गेलेले नसते. तिला आठवतात ते तुकडे, म्हणजे पंख्याचा आवाज, कोणाचा तरी शर्ट, अंगावर पाणी पडल्यासारखे काहीतरी. मग पोलीस ठाण्यात हे तुकडे सांगताना ती गोंधळते, दुसऱ्या जबाबात क्रम बदलतो आणि ‘जबाबात विसंगती’ असा शेरा बसतो. हॉटेलच्या सीसीटीव्हीत ती स्वतःच्या पायांनी चालताना दिसते, हा तर संमतीचा पुरावा म्हणूनच पुढे केला जातो. पायांनी चालता येणे आणि परिणाम समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला पटत नसेल, त्याने आपल्या गावच्या ताडीच्या दुकानाबाहेर संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे.

आता वेळेविषयी. सामान्यतः रक्तातले मद्य दर तासाला १०० मिलिलिटरमागे १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे मध्यरात्री बोलता न येण्याइतके प्यायलेल्या मुलीचे रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी घेतले तर त्यात मद्य सापडेलच असे नाही. जीएचबी नावाचे गुंगी आणणारे द्रव रूपातले औषध रक्तात साधारण सहा ते आठ तास आणि लघवीत बारा तासांच्या आसपासच टिकते. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या लघवीत एक-दोन दिवसांपासून काही दिवसांपर्यंत, गोळी आणि मात्रा यांप्रमाणे, सापडू शकतात. म्हणून अनेक देशांत घटनेनंतर १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवस, लघवीचा नमुना घेण्याची पद्धत आहे. त्यातही घटनेनंतरची पहिली लघवी सर्वांत मोलाची, कारण रात्रभर जे रक्तातून गाळले गेले ते त्यात साठलेले असते. त्यानंतरचा मार्ग केसांचा. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वाढणाऱ्या केसात औषधाचा अंश अडकून राहतो आणि चार आठवड्यांनी मुळाजवळून कापलेल्या केसातून तो शोधता येतो. परंतु आपल्या तालुक्याच्या ठिकाणी हे कोणी करत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पहाटे अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या आत्याबरोबर आली. लग्नघरी मेंदीच्या रात्री नात्यातल्याच कोणीतरी सरबत दिले होते आणि त्यानंतरचे तिला नीट आठवत नव्हते. स्त्रीरोग तपासणीपूर्वी मूत्राशय रिकामे असावे हे आम्हाला शिकवलेले, म्हणून मीच तिला सांगितले, ‘आधी लघवीला जाऊन ये, मग तपासते.’ ती गेली, आणि परत आल्यावर मी मोठ्या काळजीपूर्वक तिच्या अंगावरचे ओरखडे मोजले, कपडे कागदात गुंडाळले, नमुने घेतलेले कापसाचे बोळे वाळवले, मोहोर लावली. त्या रात्री तिला काय दिले गेले याचा बहुधा एकमेव पुरावा मी रुग्णालयाच्या संडासात घालवला होता, आणि ते मला कळायला पुढची कित्येक वर्षे गेली. प्रयोगशाळेला नमुन्यांसोबत जाणाऱ्या रवानगी पत्रात मी वीर्य आणि रक्तगटाच्या तपासणीचीच मागणी केली होती; विषारी वा गुंगीकारक द्रव्यांची तपासणी मागितलीच नव्हती, आणि जे मागितले नाही ते प्रयोगशाळा आपण होऊन शोधत बसत नाही.

नंतर परिस्थिती कागदावर तरी बदलली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच्या थोडे आधी आपल्या राज्यात हा विषय पुढे आणण्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या न्यायवैद्यक विभागाचा आणि मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या ‘सेहत’ या संस्थेचा मोठा वाटा होता. या तत्त्वांप्रमाणे बाई थेट रुग्णालयात आली तरी तपासणी करावी लागते, पोलिसांच्या पत्राची वाट पाहायची नसते. तपासणी, उपचार आणि पोलिसांना कळवणे या तिन्हींसाठी तिची संमती वेगवेगळी विचारायची असते. आणि नशेची शंका असेल तर रक्त व लघवीचे नमुने घ्यायचे असतात. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाला, मग ते खासगी असले तरी, न्याय संहितेच्या कलम २०० खाली शिक्षा होऊ शकते. योनिमार्गात बोटे घालून स्त्रीची ‘लैंगिक सवय’ ठरवणाऱ्या दोन बोटांच्या तपासणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये स्पष्ट नकार दिला. हे सगळे चांगलेच झाले. तरीही रात्रपाळीला राखाडी झाकणाची, सोडियम फ्लोराइड घातलेली नळी कपाटात आहे का, नसल्यास साध्या नळीतल्या रक्तात मद्याचे प्रमाण बदलू शकते हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे का, नमुना शीतपेटीत ठेवला की टेबलावर, आणि तो न्यायसहायक प्रयोगशाळेत कुठल्या दिवशी कोणत्या शिपायाच्या पिशवीतून गेला, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांवर खटले उभे राहतात आणि पडतात. पूर्ण शुद्धीत नसलेल्या मुलीकडून तपासणीची संमती कशी घ्यावी हा पेच खरा आहे. माझ्यापुरता मी तो असा सोडवला होता की तिने आपोआप केलेली लघवी स्वच्छ बाटलीत मोहोरबंद करून ठेवायची आणि ती सावध झाल्यावर तिलाच विचारायचे की ही पुढे पाठवू की टाकून देऊ.

उशीर होण्याचे आणखी एक कारण खास आपल्या राज्यातले आहे आणि त्याची चर्चा होताना दिसत नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आजही लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो, आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. बावीस वर्षांची मुलगी ‘मी व्हिस्की घेतली होती’ असे म्हणते तेव्हा आपण तक्रार नोंदवायला आलो आहोत की गुन्हा कबूल करायला, हा प्रश्न तिच्या मनात येतोच. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर तो वयाची अट न पाहता येतो. मग ती मद्याचा उल्लेखच टाळते आणि ‘कोकमध्ये काहीतरी घातले होते’ असे सांगते, कारण वर्तमानपत्रात तिने तेच वाचलेले असते आणि त्या वाक्याला निदान सहानुभूती मिळते हे तिला ठाऊक असते. पुढे रासायनिक अहवालात गुंगीचे औषध नाही, फक्त मद्य, असे येते आणि बचाव पक्षाचा वकील एवढ्याच बळावर तिला खोटी ठरवतो. खरे सांगितले असते तर तेच मद्य तिच्या बाजूचा पुरावा ठरले असते. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीवर दारूबंदी कायद्याखाली कारवाई होणार नाही, असे गृह खात्याने एका साध्या परिपत्रकाने सर्व ठाण्यांना कळवले तरी पुष्कळ गाठी सुटतील.

ओळखीच्या माणसाविषयी लिहिताना घर हा शब्द टाळता येत नाही. फ्रान्समधल्या माझां या गावच्या जिझेल पेलिको यांचे प्रकरण आपणही छापले होते. त्यांचा पती सुमारे दहा वर्षे त्यांच्या जेवणात चिंतेवरच्या गोळ्या कुटून घालत होता आणि त्या निपचित पडल्या की अनोळखी पुरुषांना घरी बोलावत होता. १९ डिसेंबर २०२४ रोजी आव्हिन्यों येथील न्यायालयाने पतीसह ५१ पुरुषांना दोषी ठरवले आणि पतीला २० वर्षांची शिक्षा दिली. बंद दाराआड खटला चालवण्याचा हक्क त्या बाईंनी नाकारला, याचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच आहे. एक डॉक्टर म्हणून माझे मन मात्र दुसऱ्याच तपशिलावर अडले. त्या वर्षानुवर्षे विस्मरणाची आणि ग्लानीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जात होत्या, आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार जडला की काय या भीतीत होत्या, पती स्वतः त्यांच्याबरोबर जात होता, आणि त्या काळात कोणीही त्यांची लघवी गुंगीच्या औषधांसाठी तपासली नाही. तो पती अखेर सापडला तो २०२० मध्ये, एका दुकानात बायकांचे चोरून चित्रीकरण करताना, म्हणजे निव्वळ योगायोगाने. ‘अंग जड वाटते, काही आठवत नाही’ असे सांगणाऱ्या किती विवाहितांना मी स्वतः लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या असतील, हा हिशेब मी आता करू शकत नाही.

आणि आपल्याकडे असे घडले तर काय, हेही वाचकांना कळू द्यावे. बोलावून आणलेल्या परपुरुषांवर बलात्काराचा गुन्हा लागेल, पतीवर गुंगीचा पदार्थ दिल्याचा आणि इतरांच्या गुन्ह्यात सामील असल्याचाही लागेल. परंतु त्याने स्वतः अशा बेशुद्ध पत्नीशी केलेला संभोग, ती १८ वर्षांवरील असल्यास, कलम ६३ च्या दुसऱ्या अपवादानुसार बलात्कार ठरत नाही. नशेतला होकार हा होकार नाही असे सांगणारे कलम आणि पत्नीला होकार विचारण्याचीच गरज नाही असे सांगणारा अपवाद एकाच पानावर आहेत.

पुरुषांवर होणाऱ्या अशा अत्याचारांविषयी फार लिहीत नाही, कारण माझा अनुभव तोकडा आहे. मँचेस्टरमध्ये २०२० मध्ये उघड झालेल्या प्रकरणात एकाच इसमाने गुंगीचे पेय पाजून ४८ तरुण पुरुषांवर अत्याचार केल्याचे सिद्ध झाले होते, आणि त्यांतल्या अनेकांना पोलीस दारात येईपर्यंत आपल्यावर काय घडले याची कल्पनाही नव्हती. आपल्या नव्या संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३७७ (अनैसर्गिक संभोग) या कलमाच्या जागी काहीच आलेले नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषाला अशी तक्रार नेमक्या कोणत्या कलमाखाली करावी हे सांगणे मलाही अवघड आहे.

गोव्याचे एक जुने प्रकरण मात्र आठवते. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजुणेच्या किनाऱ्यावर १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला आणि पोलिसांनी आधी बुडून मृत्यू अशी नोंद केली. मद्य आणि अमली पदार्थांच्या अमलाखालची विदेशी मुलगी समुद्रात बुडाली, यात कोणाला नवल वाटले नाही. आईने हट्ट धरल्यावर दुसरे शवविच्छेदन झाले आणि प्रकरण अत्याचार व मृत्यूच्या गुन्ह्याकडे फिरले; दोघांवर खटला चालला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी धरून १० वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षे. ती मुलगी कशी राहत होती, तिची आई कशी होती, यावर त्या काळात किती रकाने खर्ची पडले हे जुने अंक चाळले तर दिसेल.

यावरून आपल्या व्यवसायाविषयी दोन शब्द लिहिण्याचे धाडस करते. बातमीत ‘मद्यधुंद तरुणी’ हे शब्द आले की वाचकाचे मत पहिल्या ओळीतच बनते. त्याऐवजी ‘संमती देण्याच्या अवस्थेत नसलेली’ असे लिहिता येईल, जे कायद्यालाही धरून आहे. रासायनिक अहवाल येण्याआधी ‘गुंगीचे औषध’ असे ठामपणे छापू नये, कारण अहवालात ते नाही आले तर आपण ती बातमी दुरुस्त करत नाही आणि तिची तक्रार मात्र खोटी ठरते. झोपेच्या गोळ्यांचा संबंध असेल तर त्या आल्या कुठून हे विचारावे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांच्या विक्रीची नोंद, लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासह, वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन औषध दुकानांवर २०१४ पासून आहे, आणि त्या वहीपर्यंत एखादा वार्ताहर गेल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. गावाचे नाव, महाविद्यालयाचे नाव, वडिलांचा व्यवसाय असे तपशील दिल्यावर ‘पीडितेचे नाव गुप्त ठेवले आहे’ या वाक्याला तालुक्यात काही अर्थ उरत नाही, हेही ओघाने सांगते.

आणि अशा प्रत्येक बातमीखाली चार ओळींची चौकट द्यावी, अशी माझी विनंती आहे. घटना घडून पाच दिवस उलटले नसतील तर, उशीर झाला असे न मानता, रुग्णालय गाठावे. जाण्याआधी लघवी लागलीच तर ती स्वच्छ बाटलीत धरून बरोबर न्यावी. आंघोळ करू नये, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. काय आणि किती प्यायलो हे डॉक्टरांना खरे सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू करावे लागते. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. आणि मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत. यातली बाटलीची सूचना वाचकांना किळसवाणी वाटेल असे आपल्या संपादकीय विभागात कोणी म्हणाले, तर कृपया बाकीच्या सगळ्या सूचना गाळून तेवढी एक ठेवावी.

मी शेवटी जिथे नोकरीला होते तिथल्या तपासणी खोलीच्या संडासाच्या दारावर मी हाताने लिहून एक कागद चिकटवला होता, ‘लघवीला जाण्यापूर्वी सिस्टरना विचारा’. निवृत्तीनंतर काही कामासाठी तिथे गेले तेव्हा रंगकाम झालेले होते आणि दार स्वच्छ होते. नव्या सिस्टरना मी त्या कागदाबद्दल सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे केस पेपरच्या पाठीवर तेच वाक्य लिहून घेतले, पण चिकटवायला चिकटपट्टी नव्हती, ती मी बाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणून दिली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

(माझ्या नावावरून आणि गावावरून काही जुन्या रुग्णांची ओळख पटू शकते, म्हणून दोन्ही प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)